अडतीस इंचांच्या बोळात मोटारसायकल

"मिस्त्री, मला उतरता येत नाहीये." बोळाच्या आतून डॉक्टरांचा आवाज आला.

मी दारात वाकून पाहिलं. मोटारसायकल तोंड पुढं करून आत गेली होती आणि तिच्यावर आमचे डॉक्टर बसलेले होते. हँडलची दोन्ही टोकं आणि भिंती यांच्यामध्ये दोन-दोन बोटांचं अंतर. पाय खाली टेकवायला जागा होती, पण पाय पलीकडे टाकून उतरायला नव्हती. मागून सरकावं तर कॅरिअरवर औषधांची लोखंडी पेटी. डॉक्टर अंगानं भरलेले. इंजिन चालू ठेवून ते ऐटीत आत शिरले होते, आणि शिरल्यावर त्यांना बाहेर यायचा विचार सुचला होता.

त्यात दवाखान्याच्या पायरीवर एक माणूस धापा टाकत उभा होता. त्याच्या गावात एक बाई अडली होती आणि सुईणीनं डॉक्टरांना बोलावलं होतं.

मी, माझा जोडीदार शंकर सुतार आणि रस्त्यावरचे दोघं, अशा चौघांनी मिळून ती गाडी डॉक्टरांसकट मागं ओढली. उंबऱ्याशी मागचं चाक अडलं. मग पहार घातली. अर्धा तास गेला. डॉक्टर त्या गावात पोचले तेव्हा मूल झालेलं होतं, आई आणि लेकरू दोघं ठणठणीत होती. सुईण म्हणाली, "डॉक्टर, तुमची गाडी लय जोरात आली, पर पोरगं तिच्या आधी आलं."

डॉक्टरांनी हसत हसतच मला ते सांगितलं. पण लगेच म्हणाले, "दर वेळी असं होणार नाही मिस्त्री. काहीतरी करा."

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून वर्ष झालं होतं. मी मिलिटरीच्या वर्कशॉपमधून सुटून आलो होतो आणि इस्लामपुरात मोटारदुरुस्तीचं छोटं दुकान घातलं होतं. डॉक्टरही लष्करातूनच परतलेले. लष्करानं नको असलेला माल विकायला काढला, त्याला आम्ही डिस्पोजल म्हणायचो, त्यात त्यांनी पुण्याहून ही गाडी आणली. लांबी सात फूट चार इंच, वजन पावणेसात मण. लांबच्या फिरतीसाठी बनवलेली. कडेगाव म्हणा, शिराळा म्हणा, डॉक्टर एका दिवसात जाऊन यायचे. एरवी बैलगाडीनं त्यांचे दोन दिवस मोडायचे.

ठेवायला मात्र एकच जागा होती. दवाखाना आणि शेजारचं दोरखंडाचं दुकान यांच्यामधला बोळ. रुंदी अडतीस इंच, लांबी दहा फूट, वर पत्रा, मागं भिंत. बोळ आणि दुकान दोन्ही रावजीशेटचं. शेट डॉक्टरांना म्हणाले होते, "बोळ वापरा की. पर माझ्या भिंतीला हात लावायचा न्हाई. एक खिळा बी नगं."

मी मोजपट्टी घेऊन बसलो. दोन गोष्टी स्पष्ट होत्या. गाडी उलटी, म्हणजे मागचं चाक आधी, आत घालायला हवी, म्हणजे निघताना तोंड रस्त्याकडे राहील. आणि आत असताना तिच्यावर माणूस बसलेला चालणार नाही. पण माणूस बसल्याशिवाय एवढं वजन बाहेर कसं आणायचं?

वर्कशॉपमध्ये शिकलेलं सगळं आठवून मी एक लोखंडी ट्रॉली बनवली. जमिनीपासून चार बोटं उंच, खाली चार बेअरिंगं. बेअरिंग म्हणजे आत पोलादी गोळ्या फिरतात ते कडं. गाडी ट्रॉलीवर चढवायची आणि एका माणसानं बाहेर ओढायची. माझ्या दुकानातल्या फरशीवर ती एका हातानं पळत होती.

बोळात फरशी नव्हती, मुरूम होता. गाडीचं वजन पडताच चारही बेअरिंगं मुरमात रुतली. आता गाडी तर निघेनाच, ट्रॉलीही निघेना. शंकर, मी, डॉक्टरांचा कंपाउंडर आणि स्वतः डॉक्टर ओढत होतो, आणि दवाखान्यातले पेशंट पायरीवर येऊन बघत होते.

त्यांत हौसाबाई नावाच्या एक बाई होत्या. डोळ्याला पट्टी बांधलेली, पेठ गावाजवळच्या वाडीत उसाची शेती. बराच वेळ त्या उघड्या डोळ्यानं आमची ओढाताण बघत होत्या. मग म्हणाल्या, "मिस्त्री, तुमी मोट चालताना बघितलीया का न्हाई?"

"बघितलीया की."

"मग बैल वज्ज वडताना चढाला जातोय का उताराला?"

मी थांबलो. मोटेचा बैल ज्या रस्त्यावरून मागंपुढं करतो, त्याला धाव म्हणतात. ती विहिरीपासून खाली उतरत जाते. पाण्यानं भरलेली मोट ओढताना बैल उतार उतरतो, त्याचं स्वतःचं वजनही कामी येतं. रिकामी मोट खाली सोडताना तो चढ चढतो.

"उताराला," मी म्हणालो.

"मग ह्या बैलाला सपाटीवर कशाला वडताय? आत घालायची काय घाई असती का? घाई असती ती भाईर काढायची."

डॉक्टर घाम पुसत होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या डोळ्याचं औषध माझ्याकडून." बाई म्हणाल्या, "औषध नगं, आदी डोळा बघा. सकाळधरनं बसलोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही बोळात मुरूम टाकायला सुरुवात केली. मागच्या टोकाला नऊ इंच उंच, उंबऱ्याकडे येताना कमी कमी. उंबरा काढला. शंकरनं दोन लांब फळ्या चाकाच्या रुंदीएवढ्या अंतरानं बसवल्या, म्हणजे चाक त्या चाकोरीतून हलायला नको. हँडलच्या टोकांना चामडं गुंडाळलं. आता गाडी कलली तरी भिंत तिला धरणार होती. त्या अरुंद जागेचा हा पहिलाच उपयोग.

मागच्या टोकाला एक जाड खांब पुरला आणि त्याला मोटेचं चाक लावलं. गाडीच्या मागच्या कडीला दोर, तो चाकावरून वळून भिंतीच्या कडेनं दाराबाहेरच्या खुंट्यापर्यंत. दोर ओढला की गाडी मागं मागं चढत आत जाणार. खुंट्यावरून ढिला सोडला की आपोआप खाली येणार.

रावजीशेट आले आणि खांबाकडे बोट करून म्हणाले, "हे काय?"

"भिंतीला हात लावला न्हाई शेट. जमिनीत हाय."

शेटनी वाकून खांब आणि भिंत यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. बोट गेलं. "आणि दोर कुणाचा?"

"तुमच्याच दुकानातला. चाक बी."

मग ते चाचणी बघायला रस्त्यावर उभे राहिले.

गाडी चढवायला मी आणि शंकर दोघं लागलो, पण चढली. मग मी खुंट्यापाशी गेलो आणि दोर सोडवला. दोराचा एकच वेढा दिलेला होता. तो माझ्या हातातून सर्रकन निसटला. तळहात भाजला. गाडी बिनमाणसाची बोळातून निघाली, सरळ रस्ता ओलांडून समोरच्या कडब्याच्या गाडीत तोंड खुपसून उभी राहिली. रावजीशेट तिच्या वाटेतून कसेबसे बाजूला झाले होते.

"आपली आपण निघाली व्हय रं ही?" एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर दोराला तीन वेढे दिले. आता एका हातानं तो इंच इंच सोडता यायचा आणि हवा तिथं थांबवता यायचा. डॉक्टरांनी दिवसभर सराव केला. गाडीचं नाक दाराबाहेर आलं की हँडल धरायचं, पूर्ण बाहेर आली की कडीतला दोर सोडायचा, किक मारायची. कंपाउंडरनं घड्याळ लावून बघितलं, दोन मिनिटांच्या आत काम होत होतं.

पंधरा दिवसांनी गुऱ्हाळं चालू होती तेव्हा एक माणूस सायकलवरून आला. ऊस पिळायच्या चरकात त्याच्या भावाचा हात सापडला होता. दवाखान्यात त्या वेळी डॉक्टर एकटेच होते. आम्ही कोणी नव्हतो. त्यांनी दोर सोडला, गाडी आली, पेटी मागं होतीच, ते निघून गेले. त्या माणसाची दोन बोटं गेली, पण रक्त वेळेत थांबलं आणि हात वाचला. पुढं त्याच हातानं तो मोळ्या बांधताना मी पाहिला.

डॉक्टरांनी गावात माझं फार कौतुक केलं. मी हौसाबाईंचं नाव सांगायचो, पण लोक ते विसरायचे आणि माझं लक्षात ठेवायचे. त्यामुळे पुढची तीन-चार वर्षं माझ्याकडे बोळाची, कोठाराची, गोठ्याच्या दाराची कामं येत राहिली. सगळीकडे मी एकच नियम पाळला. मोजपट्टी काढायच्या आधी, तिथं रिकामं बसून कोण बघतंय ते बघायचं आणि त्याला विचारायचं. ट्रॉली मी विकली नाही. दुकानातल्या फरशीवर अजून चांगली पळते.