शेजाऱ्याचा होकार

रात्रभर नैर्ऋत्येकडून झोडपून काढणारा वारा पहाटे जरा दमला, पण गोठ्याचा पत्रा अजून थडथडत होता. मे महिना, म्हणजे आमच्या मुलखात थंडी दाराशी येऊन ठेपलेली. गाईंच्या पाठीवर गोणपाटं बांधली होती. निकासिओ बेतानकूर अकराव्या गाईखाली बसून धार काढत होता. तिच्या कुशीला कपाळ टेकलेलं, कारण सगळ्या गोठ्यात तेवढीच जागा उबदार.

हासिंताबाई, आमच्या गोठ्याच्या मालकीण, कडू मॅतेचा, म्हणजे पानांच्या गरम काढ्याचा, तुंबा हातात घेऊन आल्या. "आज नसतास आलास तरी चाललं असतं. दुपारी पळायचंय ना देशासाठी?"

"गाईला कुठं ठावं, बाई," निकासिओ म्हणाला.

"घे, दोन घोट ओढ. आणि पळताना तोंड मिटून पळ. त्या शिलाईवालीच्या दारात दूध घालायला जातोस तसं उघडं टाकून नको."

निकासिओ दुरास्नोकडचा, खेड्यातला. तीन वर्षांपूर्वी राजधानीत, मोन्तेविदेओत आला आणि आमच्याबरोबर दूध घालायला लागला. आमच्या गाडीचा म्हातारा घोडा एकदा चालायला लागला की थांबत नसे. त्यामुळे बुधली घेऊन दारात पळायचं, माप ओतायचं, कुत्र्याला चुकवायचं आणि पळत येऊन पुढं गेलेली गाडी गाठायची. आम्ही पुरते मेटाकुटीला यायचो. निकासिओ मात्र गाडी गाठून वर माझ्याआधी चढून बसलेला असे. एका घराच्या गच्चीवरून फेर्मिनसाहेबांनी हे रोज पाहिलं. ते एका क्रीडा मंडळाचे चिटणीस. त्यांनी याला बोलावून घेतलं, खिळ्यांचे बूट दिले आणि संध्याकाळी पळायला लावलं. मंडळात शर्यत टाळी वाजवून सोडत, पिस्तुलानं नाही. तिसऱ्या महिन्यात त्याच्यापुढं कुणी राहिलं नाही.

त्या साली आपल्या खंडातल्या देशांच्या खेळांचा मेळा भरला. अशा मेळ्यांची तेव्हा नुकतीच सुरुवात होती. चिलीची माणसं आली, अर्जेंटिनाची आली. शंभर मीटरला निवडलेल्या आमच्या पोराची मांडी दोन दिवस आधी धरली आणि त्याच्या जागी निकासिओचं नाव घातलं. शनिवारी प्राथमिक फेरी, पहिले दोघे रविवारच्या अंतिम शर्यतीत. निकासिओनं बापाला तार केली: रविवारी या.

बाप म्हणजे म्हातारा गुमेर्सिंदो. तरुणपणी दुरास्नोकडं घोड्यांच्या जोडशर्यतीतला नावाजलेला स्वार, पुढं घोड्याखाली येऊन कंबर मोडली. निकासिओला सहा वर्षांचा असताना त्यानंच घोड्यावर बसवलं होतं. पोरगा वाढला, जड झाला, तेव्हा घोडा गेला आणि तो पायी पळायला लागला. म्हाताऱ्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. "पायानं तर कोंबडीबी पळती," म्हणायचा. रविवारी आपण बापाला देशाच्या बनियनमध्ये, अंतिम रांगेत दिसायचं, एवढंच निकासिओच्या डोक्यात होतं.

आता या जोडशर्यतीची रीत सांगायला हवी. तिथं बंदूक नाही, निशाण नाही. दोन घोडे, दोन स्वार. दोघं शेजारी-शेजारी दौडत रेषेशी यायचे, एकजण विचारायचा, "जायचं?" दुसऱ्यानं "जाऊ दे" म्हटलं तर शर्यत खरी. नाही म्हटलं तर वीस पावलांवर लगाम ओढायचा आणि माघारी यायचं. अशा खोट्या दौडी दहा-दहा, पंधरा-पंधरा व्हायच्या. शेजाऱ्याचा घोडा दमवायचा, त्याचा डोळा वाचायचा, आपण थंड राहायचं. खेड्यात पोरं पायी पळत तीही अशीच.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे दूधवाले कुंपणाला लटकलो. धावपट्टी काळ्या कोळशाच्या चुऱ्याची. चौघांनी गवंड्याच्या थापीनं पाय रोवायला खड्डे केले. निकासिओच्या शेजारी चिलीचा बेलिसारिओ, रेल्वेत कारकून, हडकुळा.

सोडणाऱ्यानं पिस्तूल वर केलं. बार झाला, पण टोकाचा एकजण आधीच सुटला होता. लगेच दुसरा बार, म्हणजे माघारी या. आले. पुन्हा तेच, या वेळी अर्जेंटिनाचा घाईला आला. दुसरा बार, पुन्हा माघारी. निकासिओ सावकाश चालत येत होता. खांदे सैल, मान तिरकी, नजर शेजाऱ्यावर. ती चाल मी ओळखली; खोट्या दौडीवरून माघारी येणाऱ्या स्वाराची.

तिसऱ्यांदा बार झाला. निकासिओ सगळ्यांत आधी उठला. दहा पावलांवर तो हातभर पुढं होता. तिथं त्यानं बेलिसारिओकडं पाहिलं. नेमका त्याच वेळी बेलिसारिओचा घोटा मुरगळला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. निकासिओनं लगाम ओढावा तसं अंग मागं घेतलं, आठ-दहा पावलांत थांबला आणि वळून आपल्या खड्ड्याकडं चालायला लागला. बेलिसारिओ मात्र दात-ओठ खाऊन पळतच राहिला.

"अरे पुढे पळ, गाढवा," हासिंताबाई ओरडल्या.

त्यानं मान वर केली तेव्हा बाकीचे अर्ध्या वाटेवर होते. मग तो पळाला. त्याला तसं पळताना मी आधी कधी पाहिला नव्हता आणि पुढंही नाही. पण चौथा तो चौथाच. बेलिसारिओ लंगडत दुसरा आला. सगळं मैदान हसत होतं.

फेर्मिनसाहेब धावत आले आणि त्याला दंडाला धरून बाजूला घेऊन गेले. "ऐक. मी तक्रार लिहिलीय. तिसऱ्या खेपेलाही माघारीचा बार झाला, तो तू ऐकलास आणि नियमानं थांबलास. पंच आपलेच आहेत. तू एवढं सांग, फेरी पुन्हा होईल."

"पुन्यांदा पळायचं?"

"अर्ध्या तासानं. त्या चिलीवाल्याच्या पायाकडे बघ, तो काय पळतोय. उद्या अंतिमला तू."

निकासिओनं पाहिलं. बेलिसारिओ गवतावर बसून सुजलेल्या घोट्यावर ओलं फडकं दाबत होता.

"माजा बा येतोय उद्या," निकासिओ म्हणाला.

"मग झालं तर."

पंचांच्या टेबलाशी तिघे उभे होते, कॉलर ताठ, छातीवर फिती. त्यातल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, "बेतानकूर, दुसरा बार ऐकलात?"

निकासिओ खड्ड्याशी पडलेली थापी घेऊन आला होता. हातातली थापी नुसती पुसत राहिला.

"न्हाय साहेब," तो शेवटी म्हणाला. "बार एकच झाला."

"मग थांबलात का?"

"शेजाऱ्यानं व्हय म्हटलं न्हवतं."

पंच आधी एकमेकांकडं बघत राहिले. मग एकाला ठसका लागला आणि तिघंही पोट धरून हसले. फेर्मिनसाहेबांनी तक्रारीच्या कागदाच्या चार घड्या केल्या आणि एक शब्द न बोलता निघून गेले. खिळ्यांचे बूट त्यांनी सोमवारी माणूस पाठवून परत नेले.

बेलिसारिओ लंगडत आला. "तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मला वाटलं, शिवी देतोयस."

"इचारत व्हतो. जायचं का म्हून."

"मग जोरात विचारायचं रे बाबा. आमच्या गावाकडेही घोडे असतात."

ती गोष्ट अख्ख्या पेठेत पसरायला एक दिवस पुरला. पुढं एकोणतीस वर्षं निकासिओनं त्याच गल्ल्यांत दूध घातलं, दोन मुली उजवल्या, दात गमावले, पण बुधली घेऊन दारात थबकला की आतून कुणीतरी विचारायचंच, "काय निकासिओ, म्हटलं का हो शेजाऱ्यानं?" तो माप भरून ओतायचा आणि म्हणायचा, "म्हनंल की."

त्या रविवारी आगगाडी दोन तास उशिरा आली. गुमेर्सिंदो काठी टेकत उतरला; धुतलेला सदरा, गळ्यात पांढरा रुमाल. निकासिओनं फलाटावरच सगळं सांगून टाकलं. म्हातारा खाली बघत ऐकत होता.

"कितव्यांदा सुटला व्हतास?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्यांदा."

"आन पुन्यांदा पळाला असतास तर?"

"जितलो असतो. त्याचा पाय गेला व्हता."

"आन तरीबी खरं बोललास."

"व्हय."

"गाढव हायेस," म्हातारा म्हणाला आणि तंबाखूसाठी हात पुढं केला. निकासिओनं पिशवी दिली. म्हाताऱ्यानं विडी वळली, अर्धी ओढली, उरलेली पोराच्या हातात दिली. बापासमोर निकासिओनं त्याआधी कधी ओढली नव्हती.

"मैदानावर जायाचं का, बा? चारला हाय शर्यत."

"तू न्हाईस तर कुनाला बगू मी तितं? धारा कवा काडता तुमी?"

"चारलाच."

दोघं गोठ्यावर आले. हासिंताबाईंनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, हातात मॅतेचा तुंबा दिला आणि कालचा विषय काढला नाही. त्यांच्या मानानं ते फारच झालं. गाई वैरणीवर मान घालून उभ्या होत्या. निकासिओनं बाह्या सारल्या, पहिल्या गाईचे मागचे पाय दोरीनं बांधले, सड धुतले आणि बादली गुडघ्यांत धरली.