हरवणारा शिक्का

"शिक्को खंय गेलो आता?" असं पुटपुटत आमचे हेडक्लार्क टेबलाचा खण उघडायचे, शर्टाचा खिसा चाचपायचे, कपाटावरची धूळसुद्धा हाताने पुसून बघायचे. समोर उभ्या पालकाला खात्री पटायची की शाळेचा गोल शिक्का खरोखरच हरवलाय. मग ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "आठ दिवसांनी या. शिक्क्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला देता येत नाही."

शिक्का त्यांच्या डब्याच्या पिशवीत असायचा. हे मला माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, आणि मला वाटतं मुख्याध्यापिकांनाही माहीत होतं.

मुलुंडच्या आमच्या खाजगी शाळेत ते हेडक्लार्क होते आणि मी गणिताची शिक्षिका. मूळचे मालवणकडचे, पण पालकांशी शुद्ध बोलायचे. मालवणी फक्त स्वतःशी, नाहीतर माझ्याशी. वर्तमानपत्रात आधी दिल्लीची बातमी वाचायचे, मग निधनवार्ता. त्यांचा एक सिद्धांत होता. "बाई, दिल्लीत खुर्ची हलली की आपल्याकडे आधी दाखले जातात, मग अर्ज येतात."

मला ती आपली बढाई वाटायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पाऊस पडून गेल्यावर 'मी सांगितलंच होतं' म्हणणारी. पण आमचे हेडक्लार्क आधी सांगायचे. एका वर्षी आघाडीतला एक पक्ष बाहेर पडला आणि सरकार राहतं की जातं अशी वेळ आली. तिसऱ्याच दिवशी खिडकीपाशी रांग लागली. कुणाचं ऑफिस दुसऱ्या राज्यात हलणार अशी अफवा, कुणाचं कंत्राट अडकलेलं. फी झेपणार नाही म्हणून मूल गावी पाठवायचं, नाहीतर पालिकेच्या शाळेत घालायचं. एकदा दाखला काढला की जागा गेली, कारण महिन्याभरात बदली होऊन आलेल्यांचे अर्ज येऊन पडणार आणि ती भरणार. घाबरलेल्या माणसाला एवढं पुढचं दिसत नाही. म्हणून शिक्का हरवायचा.

आठ दिवसांनी बहुतेक जण विचार बदलूनच परत यायचे. जुळ्या मुलींचे एक वडील आले आणि दारातूनच विचारलं, "सापडला का हो?"

"नाही अजून."

"बरं झालं. राहू दे मग."

ते गेल्यावर हेडक्लार्कांनी शिपायाला चहा सांगितला, स्वतःच्या पैशाने. इतके चिकट गृहस्थ, त्यामुळे आम्ही सगळे बघतच राहिलो.

त्याच गर्दीत, एका सोमवारी, पाचवीतल्या एका मुलीचे वडील आले. कांजूरमार्गला राहायचे, मूळचे वाशिमकडचे. अंधेरीच्या एका सरकारी ऑफिसात कंत्राटावर होते आणि ते कंत्राट नुकतंच थांबलं होतं. दाखला हवा म्हणाले. खण उघडला गेला, खिसा चाचपला गेला, आठ दिवसांनी या. ते "बरं साहेब" म्हणाले आणि गेले. एवढ्या लवकर कुणी ऐकत नसे.

गुरुवारी ती मुलगी वाचनालयाचं पुस्तक परत द्यायला आली. माझ्याच वर्गातली, अपूर्णांकात पक्की. "बाई," ती म्हणाली, "वाशिमच्या सरकारी निवासी शाळेत सहावीला माझा नंबर लागलाय. शनिवारपर्यंत दाखला दिला नाही तर पुढच्या मुलीला जाईल. आम्ही आज संध्याकाळी गाडीने निघतोय. पप्पा म्हणतात, दाखल्याशिवाय घेतात का बघू."

मी धावतच ऑफिसात गेले. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. सगळ्यांच्या देखत त्यांनी डब्याच्या पिशवीतून शिक्का काढला, दाखला लिहिला, मुख्याध्यापिकांची सही घेतली. घाईत शिक्का जरा तिरका उमटला. "चला बाई," म्हणाले. माझा तास दुसऱ्या बाईंवर सोपवून आम्ही तिघं रिक्षात बसलो.

चाळीतली खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली बांधलेल्या दोन बॅगा. आम्हाला बघून वडील गडबडले. "साहेब, तुम्ही कशाला आलात?"

हेडक्लार्कांनी दाखला पुढे केला. मग उभ्या उभ्याच म्हणाले, "शिक्का हरवला नव्हता. माझ्याकडेच होता. मला वाटलं, तुम्ही घाबरून मुलीला काढताय. चार दिवस थांबाल तर विचार बदलेल, असं वाटलं."

आता हा माणूस यांना चार शब्द सुनावणार, आणि ते रास्तच असेल, असं मला वाटलं.

वडिलांनी दाखला दोनदा वाचला. "म्हणजे शाळेला ती हवी होती?"

"हो तर."

"ऑफिसनं मला एका दिवसात मोकळं केलं, साहेब. आठ वर्षं काम केलं, पण थांबा म्हणून कुणी म्हटलं नाही." ते मुलीकडे बघून हसले. "ऐकलंस का गं? तुला सोडत नव्हते."

मुलगी लाजली. तिच्या आईने चहा ठेवला. आमच्या हेडक्लार्कांनी तो कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ तोंडालाच लावला नाही.

परतताना रिक्षा भांडुपला आली. तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "बाई, मियां इचारूक व्हया होतां. एवढांच."

मुलगी तिथे छान रुळली. आमच्याकडे हेडक्लार्कांच्या म्हणण्याप्रमाणे महिन्याभरात अर्जांचा ढीग आला, पण त्यांनी त्याची बढाई मारली नाही. त्यानंतर शिक्काही कधी हरवला नाही. दाखला मागायला कुणी आलं की ते खिडकी सोडून बाहेर यायचे, बाकावर शेजारी बसायचे आणि विचारायचे, "का जाताय?" कुणाकुणाचं उत्तर अर्धा तास चालायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा रिवाज मोडला नाही.

आता ते गावी असतात. ऑफिसात नवा मुलगा आहे, हुशार आणि नम्र. त्याच्याकडे दाखला दहा मिनिटांत मिळतो. पालक खूश होऊन जातात, आणि का गेले ते आम्हाला कळत नाही.