खुर्चीवरचा टॉवेल

शिक्षकांच्या खोलीत किस्से कुणी साठवत नाही. ते फळ्याखालच्या खडूच्या भुकटीसारखे आपोआप साचतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी आहेतच!

मी मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात मानव संसाधन व्यवस्थापन शिकवायची. विषय तेव्हा नवा होता. आमच्या दापोऱ्यात कुणीतरी बातमी पसरवली, की चौधरींची पोरगी माणसं सांभाळायला शिकवते. झालं! एका दुपारी गावातल्या एक काकू सुनेचा हात धरून थेट स्टाफरूममध्ये.

"बाई, हिले जरा शिकव व, माह्यासंगं कसं वागायचं ते!"

मी दोघींना पाणी दिलं, दोघींचं ऐकून घेतलं. जाताना सून मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी यांना एकट्यांना बोलवा. कोर्स यांना पाहिजे!"

*

त्याच सुमारास मुलींचं कॉलेज आमच्या कॉलेजात विलीन झालं. दोन वाणिज्य विभाग एका खोलीत आले. दोन कपाटं, दोन वेगवेगळ्या वेळा दाखवणारी दोन घड्याळं आणि दोन विभागप्रमुख! आमचे पाटील सर जसोंडी गावचे. तिकडून आलेल्या महाजन मॅडम शहरातल्या शनवाऱ्याच्या, आणि सरांना सीनियर. म्हणजे नियमाने खुर्ची मॅडमची. पण वरून कागद आला तो असा: "आगामी आदेश तक यथावत।"

म्हणजे जो जिथे बसलाय, तो तिथेच बसू दे!

पाटील सर बसले होते विभागप्रमुखाच्या खुर्चीत. आमच्याकडे साहेबाची खुर्ची ओळखायला पाटी लागत नाही. तिच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल असतो. त्याला कुणी हात पुसत नाही, तोंड पुसत नाही. तो नुसता असतो.

मॅडमना प्लास्टिकची खुर्ची मिळाली.

*

मी कामाच्या जागी समानता या विषयावर व्याख्यान दिलं. चांगलं तासभर बोलले. आभार मानायला पाटील सर उठले. "चौधरी मॅडम फार छान बोलल्या. समानता पाहिजेच! आता लेडीज स्टाफने जरा चहाचं पाहावं."

मी डोक्याला हात लावला. महाजन मॅडम मात्र हसत उठल्या. "चला सर, समानता आत्ताच पास झाली ना? मी ओतते, तुम्ही वाटा!"

सरांनी ट्रे धरला. वाटेत निम्मा चहा बशांत सांडला, पण वाटला सगळ्यांना. शेवटी मॅडमसमोर येऊन म्हणाले, "मॅडम, हे काम सोपं नाही हो!"

मला सरांचा राग यायचा, पण टिकायचा नाही तो अशामुळे.

*

मग मी रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिस सुरू केली. भारी नाव सोडा. दर शनिवारी सगळ्यांनी बसायचं आणि या आठवड्यात आपलं काय चुकलं ते सांगायचं. दुसऱ्याचं नाही, आपलं! आणि कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही.

महाजन मॅडम पहिल्याच शनिवारी म्हणाल्या, "मागच्या बाकावरच्या मुलीला मी गप्प बस म्हणून ओरडले. ती बोलत नव्हती, रडत होती."

पाटील सरांची पाळी आली. "माह्यं काईच चुकलं नाही. पोराईचंच चुकलं!"

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी सर बराच विचार करून म्हणाले, "या हप्त्यात चुकलं बरं का. सुट्टी होती, अन् मी येऊन बसलो!"

*

कॉलेज सुटल्यावर मॅडम मला कधीकधी मावा जिलेबी खायला न्यायच्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, खुर्चीसाठी अर्ज करू या ना. तुमचा हक्क आहे."

"छोड ना. उन्हाळ्यात रिटायरच होतेय." मग हातातली जिलेबी तशीच ठेवून म्हणाल्या, "पण एकदा बसायचं होतं गं. आमच्या मुलींनी मला तिकडे अशाच खुर्चीत पाहिलंय. इथे आल्यापासून त्यांना वाटतं, दोन घरं एक झाली की बाई खालीच बसते."

आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धी जिलेबी बशीत ठेवली.

*

त्या शनिवारी मॅडमची पाळी आली. "एका मुलीने विचारलं, मॅडम, आता तुम्ही हेड नाही का? मी म्हटलं, काय फरक पडतो! खोटं बोलले. तेवढं चुकलं."

सल्ला द्यायचा नाही हा नियम. मग पाटील सरांची पाळी.

"माह्यं काईच..." म्हणाले आणि थांबले.

सोमवारी आम्ही आलो, तर सर प्लास्टिकच्या खुर्चीवर! सकाळीच प्राचार्यांकडे जाऊन स्वतः खुर्ची सोडून आले होते. पांढरा टॉवेल घरून धुऊन, इस्त्री करून आणला होता.

"बसा मॅडम. तुमची वस्तू तुम्हाले."

मॅडम पहिला तास संपवून आल्या होत्या, हात खडूने भरलेले. त्या बसल्या. दारात मुलींची ही गर्दी! एकीने टाळी वाजवली, बाकीच्यांनी तिला दाबलं, आणि मग सगळ्याच वाजवायला लागल्या.

मॅडमनी मागे हात नेला, तो इस्त्रीचा टॉवेल ओढला आणि खुशाल हात पुसले. मग सरांपुढे धरला. "घ्या सर."

"अहो, मी इतकी वर्सं बसलो, पन याले कधी हात पुसले नाही!" सर म्हणाले. तरी घेतला, खडू न लागलेलं टोक शोधलं. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तोंड पुसत राहिले.

"खडू गेला डोयात," म्हणाले.

सरांचा पहिला तास अजून व्हायचा होता.