खापरपणजोबांचा बेपत्ता भाऊ

विनीता काळसेकर रिटायर झाली आणि महिना उलटायच्या आत तिचा नवरा श्रीराम म्हणाला, "अगं, काहीतरी उद्योग शोध यार. मसाल्यांच्या बाटल्यांना लेबलं लावून झाली, आता माझ्या मोज्यांना लावायला घेऊ नकोस."

त्याचंही काही चुकत नव्हतं. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या एका फार्मसीच्या काउंटरमागे तिची सगळी नोकरी उभ्यानं झालेली. बसून राहणं तिला ठाऊकच नव्हतं.

उद्योग मिळाला तो रूथबाईंमुळे. रूथ श्टीअर्ले, ऐंशी ओलांडलेली शेतकरीण. शनिवारच्या फार्मर्स मार्केटमध्ये बटाटे आणि लाल भोपळे विकायच्या. विनीता त्यांचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं तशी ती डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन शेतावर गेली. रूथबाईंनी खिचडी चमच्यानं उलटीपालटी केली, खाल्ली, आणि मग मनातलं काढलं.

"शेत भाच्याच्या हवाली करायचंय. त्याआधी एकदा गेओर्गचा काय तो छडा लागू दे. मी तर आता अशी जखडलेली. तू बघशील?"

गेओर्ग म्हणजे त्यांच्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ. बार्बरा नावाची विधवा दोन मुलांना घेऊन जर्मनीहून इथं आली, तेव्हा इथं नुसतं रान होतं. थोरला योहान आणि धाकटा गेओर्ग यांनी झाडं तोडून शेती केली. योहानचा वंश रूथबाईंपर्यंत आला. गेओर्ग मात्र गडपच झाला. कुणी म्हणे कॉलऱ्यानं गेला, कुणी म्हणे सोनं शोधायला पळाला.

"बघते की," विनीता म्हणाली. घरी आल्यावर श्रीरामनं कपाळाला हात लावला. "आपल्या आजेसासऱ्यांचं नाव विचारलं तर मला फोन करतेस आणि या जर्मनांच्या मागे निघालीस!"

पण ती निघाली. कधी काउंटीच्या कचेरीत जमिनीची जुनी खरेदीखतं, कधी चर्चची बारशा-लग्नांची नोंदबुकं. जुनं जर्मन अक्षर बघून पहिल्या दिवशी तिचा धीर सुटला. शाईत पाय बुडवून मुंग्या पानभर फिरल्यासारखं. पण डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात वय गेलेल्या बाईला दुसऱ्या आठवड्यात त्या मुंग्या ओळखू यायला लागल्या. गेओर्गचं कॅथरिनाशी लग्न सापडलं. मुलीचं, रोझिनाचं बारसं सापडलं. आणि पुढं काहीच नाही. ना जमीन, ना मूठमाती.

एका दुपारी ती कचेरीत खरेदीखतं चाळत बसली होती. योहानच्या शेताला लागूनची जमीन कुण्या जॉर्ज स्टर्लिंगनं घेतलेली. पान उलटणार, तेवढ्यात फोन वाजला. डेंटिस्टकडची मुलगी.

"मे आय स्पीक टू बनिता कॅल्सेकर?"

"येस, स्पीकिंग," विनीता सवयीनं म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता थबकली. बनिता काय, कॅल्सेकर काय! या देशात आल्यापासून तिनं कुणाकुणाला दुरुस्त केलं असतं? एखाद्या कारकुनानं उद्या असंच लिहून ठेवलं तर?

ती स्वतःशीच पुटपुटली, "श्टीअर्ले. स्टिअर्ली. स्टर्ली..." शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थानं मान वर केली. विनीता पुन्हा त्या खतावर वाकली. बायकोचं नाव: कॅथरीन. मग तिनं जनगणनेची पानं मागवली. जॉर्ज स्टर्लिंग, शेतकरी, जन्म जर्मनी, मुलगी रोझिना, शिवाय दोन मुलगे.

गेओर्ग कुठंही गेला नव्हता. भावाच्या बांधाला बांध लावून राहिला होता, फक्त कारकुनाच्या कानानं त्याचं आडनाव बदललं होतं.

तिनं आनंदानं रूथबाईंना फोन केला. पलीकडे खदाखदा हसू. "म्हणजे तो सिंहवाला माझा भाऊबंद?"

सिंहवाला म्हणजे हॅल स्टर्लिंग. मार्केटमध्ये रूथबाईंच्या समोर त्याचा सफरचंदांचा गाळा. आपले पूर्वज इंग्लंडचे सरदार, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. त्याच्या कोठारावर आणि सफरचंदाच्या सायडरच्या बाटल्यांवरसुद्धा दोन पायांवर उभा सिंह होता. ट्रक कुणी कुठं लावायचा यावरून एकदा वाजल्यापासून तो आणि रूथबाई एकमेकांशी कामापुरतंही बोलत नव्हते.

पुढच्या शनिवारी विनीतानं जॉर्जपासून हॅलपर्यंतच्या पिढ्यांच्या नोंदी जमवून त्यांच्या प्रती त्याच्यासमोर ठेवल्या. हॅलनं चष्मा चढवला, वाचलं, चष्मा काढला.

"जॉर्ज नावाची माणसं काय थोडी होती? आमचे लोक इंग्लिश." आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

विनीताच्या उत्साहावर पाणी पडलं. रात्री मुलगी केया व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई, यू टूक अवे द मॅन्स लायन!"

त्याचं वाईट तिलाही वाटत होतंच.

रूथबाई वॉकर घेऊन मार्केटमध्ये परतल्या, तेव्हा विनीता धावत त्यांच्याकडे गेली. "राहू दे रूथ, त्याला नकोय ते."

"तू बाजूला हो," म्हणत त्या वॉकर ढकलत थेट समोरच्या गाळ्यावर पोचल्या.

"हॅल, तुमच्याकडे रविवारी काय शिजायचं?"

हॅल गोंधळला. "आमच्याकडे? बटन नूडल्स. आजी करायची. इंग्लंडची जुनी रेसिपी."

"खडबडीत चाळणीतून उकळत्या पाण्यात पाडायची? वर लोण्यात परतलेला कांदा?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अरे, आमच्या आजीचे क्नोप्फ्ले ते! जर्मनमध्ये क्नोप्फ्ले म्हणजे छोटी बटनं."

हॅल सफरचंद हातात धरून तसाच उभा राहिला. मग खाली बसला. म्हणाला, "आजी ती करताना कसलं तरी गाणं गुणगुणायची. एक शब्द कळायचा नाही. मी विचारलं की गप्प व्हायची."

रूथबाई वॉकरच्या सीटवर त्याच्या शेजारी टेकल्या.

सिंह काही कोठारावरून उतरला नाही. "मला आवडतो तो," हॅल म्हणाला, आणि रूथबाईंनीही हट्ट धरला नाही. पण ऑक्टोबरमध्ये एका रविवारी तिघं विनीताच्या गाडीतून चर्चमागच्या दफनभूमीत गेली. योहान-गेओर्गच्या आईचा, बार्बराचा दगड शेवाळानं भरलेला. विनीतानं मऊ ब्रशनं हळूहळू घासला. अक्षरं वर आली.

हॅलनं टोपी काढली. "हे म्हणायचं कसं?"

"श्टीअर्ले," रूथबाई म्हणाल्या.

"स्टिर्ली."

"श्टी. जीभ मागे घे."

हॅलनं घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली.