आतेची खोली यादीत नव्हती

फोन सकाळी आला. पलीकडे बाबा होते. "आते गेली रे," म्हणाले. आणि मग, "आता माका भांडूक कोणच उरला नाय." कोरगावच्या घरात ही दोन भावंडं जन्मभर भांडली. महिना होऊन गेला, पण ते घर आता इतकं गप्प असतं की मला फोंड्याहून तिथे जावंसंच वाटत नाही.

आते म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा मुरगावला गोदीत कामाला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं, म्हणून ती माहेरी परतली आणि परसातल्या वेगळ्या खोलीत राहू लागली. आजोबा वारले तेव्हा गोवा नुकतंच घटक राज्य झालं होतं. कोकणी की मराठी यावरून सगळा गाव तापलेला, आमचं घर मात्र तापलं ते या खोलीवरून. गोव्यात बाप गेला की मुलगीही मुलाच्या बरोबरीची वारस. घरातल्या एकाने कोर्टात शपथेवर मालमत्तेची यादी द्यायची आणि यादीतल्या एकेका गोष्टीवर वारसांनी आपसात बोली लावायची; बोलीचा आकडा ज्याच्या त्याच्या वाट्यातून वजा. थोरले म्हणून यादीचं काम बाबांकडे आलं. त्यांनी काजूचं भाट, म्हणजे बाग लिहिली, घर लिहिलं, पाणी तापवायची तांब्याची भाणं लिहिली, मोडका पाटसुद्धा लिहिला... आणि आतेची खोली तेवढी गाळली.

हेतू चांगला होता. यादीत नाही तर बोली नाही, आणि बोली नाही तर मुंबईचे काका खोलीवर हात मारणार नाहीत. आतेला हे कळलं आणि ती भडकली.

"तुका कोण भायर काढता गो? मी आसंय मरे," बाबा म्हणाले.

"तू आसस तोवर. मागीर? दादा, माका दया नको, कागद होयो."

आणि तिने सरळ कोर्टात हरकत घेतली, की यादी करणाऱ्याने शपथ घेऊन मालमत्ता लपवली. बाबा देवळाचे मानकरी, त्यांना हे भारीच झोंबलं. कोर्टाचा माणूस नोटीस घेऊन आला, त्याला चहा मात्र आतेनेच केला, बरोबर उंडो पावही दिला. तारखेला दोघं एकाच बसने पेडण्याला जात, कारण दुसरी बसच नव्हती. वकिलाला काय सांगायचं ते ती वाटेत बाबांना म्हणून दाखवायची आणि बाबा तिच्या चुका सुधारायचे. मी तेव्हा कॉलेजात होतो, मागच्या सीटवर बसून हे सगळं ऐकलंय.

शेवटी खोली यादीत चढली आणि बोलीचा दिवस आला. आतेने आकडा सांगितला. काका बोलीत उतरले नाहीत, त्यांचा जीव भाटात अडकलेला. आता कारकून लिहून घेणार, तोच बाबांनी वरचा आकडा टाकला. आतेने चढवला. बाबांनी पुन्हा चढवला. जत्रेनंतर आमच्या देवळात देवाच्या नारळ-केळ्यांचा लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात. तिथे बाबांनी उभ्या जन्मात शेवटची बोली दुसऱ्याला बोलू दिली नव्हती. आकडा कानावर पडला की त्यांचं तोंड आपोआप उघडायचं.

आते वळली. "दादा, ही पावणी न्हय. माझी खोली ती. खाली बस."

बाबा बसले. न्यायाधीशांनी फाइल तोंडासमोर धरली. पण बोललेली बोली ती बोललेलीच. आतेला आणखी चढवावं लागलं आणि त्यापायी तिचा भाटातला वाटा आक्रसला. पुढे दर काजूच्या मोसमात पाहुण्यांसमोर ती म्हणायची, "आमच्या दादाची भक्ती माका महाग पडली." बाबा मान खाली घालून काजू सोलत बसायचे.

कागद हातात आला त्याच संध्याकाळी तिने बाबांना बजावलं, यापुढे विचारल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही. मला तेव्हा तो आगाऊपणा वाटला होता. आज लाज वाटते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुणाची आश्रित नव्हती, एवढंच तिला सांगायचं होतं. बाबांना ते माझ्याआधी कळलं असावं, कारण त्यांनी ते शेवटपर्यंत पाळलं. दाराशी यायचे, खाकरायचे, आतून "ये" आलं की मग चप्पल काढायचे.

मृत्युपत्रात ती खोली बाबांना देऊन गेली, तीही रीतसर, नोंदणी करून. गेल्या रविवारी मी कोरगावला गेलो, तर बाबा परसात त्या दाराशी उभे. दार सताड उघडं होतं. ते खाकरले... आणि तसेच उभे राहिले.

"बाबा, जा ना आत," मी म्हटलं. "खोली तुमचीच आहे आता."

"आसा मरे," ते म्हणाले. "पण 'ये' म्हणूक कोण नाय."