मीटरवर चौदा

माझी जीभ वाईट आहे, हे आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी खोटारडाही आहे, हे मात्र चार महिने फक्त मलाच ठाऊक होतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील इंजिनं बघायचे, काका गाड्यांचं वायरिंग. वडील गेल्यावर इंजिनं माझ्या गळ्यात आली. वायरिंगही काकांनीच शिकवलं मला, तेही न ओरडता. आमच्या घराण्यात हे नवलच म्हणायचं. सत्तरीला आले तरी सकाळी माझ्याआधी हजर. खोड एकच, घाई म्हणून नाही. साधा फ्यूज बदलला तरी दोनदा तपासणार. मी चिडलो की म्हणायचे, "तुझा बाप पण असाच तडतडायचा. तुझ्यात पाणी जरा जास्त उकळलंय, एवढंच."

नर्सरीवाल्या बाईंचा ट्रॅक्टर बाईंपेक्षा वयानं मोठा. त्याचा डायनॅमो पार गेला होता, बॅटरी चार्जच होईना. रोज सकाळी धक्का मारून सुरू करायचा. बाई वैतागून म्हणाल्या, "एकदाचं काय ते कायमचं करा." काकांनी ठरवलं, डायनॅमो काढून त्याजागी नव्या गाड्यांत असतो तसा अल्टरनेटर बसवायचा.

मी म्हटलं, "बारा व्होल्टचा कुठलाही आणा."

"बायको बघायला पण असाच गेला होतास का रे? कुठलीही चालेल म्हणून?"

काका जुनी पुली आणि पट्टा पिशवीत टाकून तीन दुकानं फिरले. रंग मारून नवा केलेला एक अल्टरनेटर त्यांनी नुसता कानाशी धरून फिरवला आणि परत ठेवला, बेअरिंग वाजत होतं. शेवटी आणला तो दिसायला अगदीच मळका. पण पट्टा पुलीच्या खाचेत नीट बसत होता, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आतच होता आणि जुन्या ब्रॅकेटला भोकं जुळत होती.

वायरिंगला दीड दिवस लागला. त्या ट्रॅक्टरला बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेलं, जुनी पद्धत. तसंच ठेवलं असतं तर अल्टरनेटर जळून गेला असता. काकांनी बॅटरी फिरवून मायनस बॉडीला घेतलं, जुना रेग्युलेटरचा डबा काढून टाकला, जाड वायर बॅटरीला नेली आणि बारीक वायर डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यातून घेतली.

"नीट बघ," ते म्हणाले, "हा दिवा शोभेचा नाही. चावी फिरवली की याच्यातून थोडा करंट जातो आणि अल्टरनेटर जागा होतो. बल्ब काढलास तर हा कुंभकर्ण उठायचाच नाही."

मी हो हो म्हटलं. ऐकलं कुणी!

जेवायच्या आधी त्यांनी ट्रॅक्टर सुरू करून बॅटरीला मीटर लावला. चौदा व्होल्ट दिसले की चार्जिंग सुरू, बारावर अडलं की नाही. मी पलीकडे एका गाडीखाली होतो. "चौदा!" त्यांनी मला ओरडून सांगितलं. "चौदा आले रे!"

"बरं बरं," मी म्हटलं.

ते घरी जेवायला गेले आणि एक टेम्पोवाला आला. त्याच्या डॅशचा बल्ब गेला होता आणि त्याला भयंकर घाई. दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला, म्हणून मी ट्रॅक्टरचा बल्ब काढून त्याला लावून दिला. नंतर दुसरा बसवू म्हटलं आणि साफ विसरलो.

चारला बाई आल्या. काकांनी ट्रॅक्टर सुरू केला, मीटर लावला. बारा. मग बाराच्याही खाली. काकांचा चेहरा उतरला. "थांब रे, जरा बघू दे मला," ते म्हणाले.

"काय बघणार?" मी ओरडलो. "दिसतंय का तुम्हाला? दोन दिवस घातलेत! होत नसेल तर घरी बसा ना!"

बाई खाली बघायला लागल्या. काकांनी साबण लावून सावकाश हात धुतले आणि निघून गेले.

मग मी वर चढलो. दिव्याचं होल्डर रिकामं. गुपचूप पलीकडच्या गाडीचा बल्ब काढून लावला, मीटरवर चौदा आले. बाईंनी विचारलं, "काय झालं होतं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकांकडून बल्ब लावायचा राहिला होता."

दुसऱ्या दिवशी काका आले ते रागावून नव्हे. "माझं काय चुकलं ते दाखव," म्हणाले, "परत व्हायला नको." मी तीच थाप त्यांनाही मारली.

"पण मी लावला होता की! चौदा आले होते. तुला सांगितलं ना मी?"

"कुठलं चौदा? मी नाही ऐकलं."

माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही, त्यांनी स्वतःवर घेतला. पुढचे चार दिवस प्रत्येक कामानंतर म्हणायचे, "तू एकदा बघून घे रे." पाचव्या दिवसापासून यायचे बंद झाले. मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज माझी हिंमत पळायची. लाज वाटायची, आणि ती लपवायला मी गिऱ्हाइकांवर आणखी खेकसायचो.

गेल्या आठवड्यात काकूचा फोन आला. "यांना डॉक्टरकडे न्यायचंय. झालेलं विसरतात, न झालेलं आठवतं म्हणतात. गाडी घेऊन येशील?"

गेलो. काका बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून बूट घालत होते. शेजारी कागदांची पिशवी तयार. "तुझं काम खोळंबलं रे," ते म्हणाले.

मला राहवेना. "काका, तो बल्ब मी काढला होता. टेम्पोवाल्याला दिला. तुम्ही चौदा म्हणालात ते ऐकलं होतं मी."

त्यांचे हात नाडीवरच थांबले. "म्हणजे मी लावला होता?"

"हो."

"आणि चौदा आले होते?"

"आले होते काका."

आता मुस्काटात बसणार म्हणून मी उभा राहिलो. बसायलाच हवी होती. पण ते एका पायात बूट तसाच घेऊन उठले आणि आतल्या दाराशी गेले. "अगं ए, ऐकलंस का? आले होते! चौदा आले होते!"

काकू हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. काकांचा दंड धरून एवढंच म्हणाली, "चार महिने मी तुम्हाला चहासाठी गॅससुद्धा पेटवू दिला नाही हो."