साधनाच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स

छाया तिडके लग्न होऊन मखमलाबादच्या मळ्यात आली १९९४ साली. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष तिने सासरी राहून, बाहेरून परीक्षा देऊन पूर्ण केलं. गुलाब आणि झेंडू पिकवणाऱ्या त्या वस्तीवर तेव्हा इंग्रजी वाचणारी दुसरी सून नव्हती. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, विजेचा कागद कशाचा आलाय, शाळेच्या दाखल्यातलं नाव कसं दुरुस्त करायचं, सगळं तिच्याकडे यायचं. सासूबाई भागुबाई तिचं तोंडावर कधी कौतुक करायच्या नाहीत, पण आलेल्या बायकांना म्हणायच्या, "थांब, आमच्या छायाला इचारू."

आठ वर्षं असं चाललं. मग धाकट्या दिराचं, राजचं लग्न झालं. नवी सून साधना नाशिकरोडची, बी.सी.एस. झालेली. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिच्या माहेराहून टेम्पोतून कॉम्प्युटर आला, प्रिंटरसकट. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला तेव्हा तो इंटरनेटवर बघायला वस्तीवरची आठ-दहा माणसं साधनाच्या खोलीत उभी होती. मग अर्ज टाइप करून मिळू लागले, वर गणपती असलेले लग्नाचे बायोडाटा छापून मिळू लागले.

एकदा शेजारची लंकाबाई कागद घेऊन आली. छाया हात पुसत पुढे झाली.

"तू कर तुझं काम," लंकाबाई म्हणाली. "साधना नाय का घरात?"

छाया स्वयंपाकघरात परत गेली. त्या दिवशी तिने दोन भाकरी जाळल्या.

साधना वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती मोठ्या जावेला "ताई, बसा ना, मी दाखवते" असं दहादा म्हणायची. छाया म्हणायची, "मला कुठे वेळ आहे?" आणि दुपारी दार अर्धं उघडं असलं की झाडू हातात धरून बाहेरून बघत राहायची. कॉम्प्युटर कसा चालू करायचा, कसा बंद करायचा, माउस कुठे न्यायचा, हे ती अशी उभ्याने शिकली.

२००३ च्या पावसाळ्यात कॉम्प्युटरला व्हायरस लागला. चालता चालता तो अडकायचा. साधनाने शहरातून एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात तीन सीडी होत्या. जेवताना तिने सगळ्यांना समजावलं, "आता आपल्याकडे विंडोज आहे ना, तसंच हे लिनक्स. कॉम्प्युटर याच्यावर चालतो. फुकट आहे आणि व्हायरसचा त्रास नाही. पण घाईने नाही टाकायचं. माझी शंभर पानं आहेत आत, ती आधी दुसरीकडे उतरवून घेते."

ती शंभर पानं म्हणजे मराठीतून कॉम्प्युटर शिकवायचे धडे होते. साधनाला क्लास काढायचा होता. भागुबाई लगेच म्हणाल्या, "पुढची खोली घे की. वस्तीवरची पोरंपोरी शिकतील."

छायाचा घास हातातच राहिला. पाच वर्षांपूर्वी तिने शिकवणीसाठी हीच खोली मागितली होती. तेव्हा भागुबाई म्हणाल्या होत्या, "मंग पाव्हणे कुठं बसतील?"

दसऱ्याआधी साधना बाळंतपणाला माहेरी गेली. पानं उतरवून घ्यायचं राहूनच गेलं होतं. जाताना तिने खोलीची किल्ली छायाच्या हातात दिली. "ताई, तेवढी धूळ बसू देऊ नका."

छायाने तीन दुपारी ते मासिक डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. आपण हे साधनाच्या आधी करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. चौथ्या दिवशी घरातले सगळे झेंडू तोडायला गेले. तिने दार लावून घेतलं आणि पहिली सीडी आत सरकवली. आधी निळ्या पडद्यावर जाऊन कॉम्प्युटरला सांगावं लागलं, की हार्ड डिस्कच्या आधी सीडी वाच. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर जाऊ लागल्या. मग प्रश्न आले. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, माउस कसला. एकेक उत्तर देताना छायाची पाठ ताठ होत गेली.

मग डिस्कवरच्या जागेचा प्रश्न आला. जुनं तसंच ठेवून मोकळ्या जागेत लिनक्स बसवा, हा पर्याय तिने निवडला. मोकळी जागा नाही, असं उत्तर आलं. दुसरा पर्याय होता, सगळं काढून टाका. तो निवडल्यावर एक चौकट उघडली. या डिस्कवरची सगळी माहिती पुसली जाईल, तुमची खात्री आहे का?

तिने ते दोनदा वाचलं. डिक्शनरी बाजूलाच पडली होती, तिची गरज लागली नाही. तिला ती शंभर पानं आठवली, पुढची खोली आठवली. तिने 'होय' दाबलं.

पुढचा तासभर ती खुर्चीतून उठली नाही. दुसरी सीडी मागितली, ती दिली. तिसरी दिली. शेवटी पासवर्ड विचारला तेव्हा तिने माहेरचं नाव टाकलं. आता हा कॉम्प्युटर तिच्याशिवाय कुणालाच उघडता येणार नव्हता. नवा, स्वच्छ पडदा समोर आला आणि बऱ्याच वर्षांनी ती एकटीच हसली.

संक्रांतीनंतर साधना मुलीला घेऊन आली. कॉम्प्युटर लावला, तर तो पासवर्ड मागू लागला. छायाने तो सांगितला, पण आत धड्यांचं एकही पान उरलं नव्हतं. राज चिडला. छाया म्हणाली, "मला वाटलं, तू येईपर्यंत टाकून ठेवावं. इंग्रजी नीट समजलं नाही गं."

जिच्याकडे सगळी वस्ती इंग्रजी वाचून घ्यायला यायची, तिला हे बोलावं लागलं. भागुबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

"जाऊ द्या ताई," साधना म्हणाली. "मीच आधी उतरवून घ्यायला हवं होतं. पण सगळं एकटीने टाकलंत तुम्ही? कमाल आहे."

ते कौतुक छायाला चापटीसारखं लागलं. लिनक्सवर मराठी टाइप करायची सोय साधनाला सापडेना. ती बाळाला मांडीवर घेऊन वहीत धडे पुन्हा लिहू लागली. बारा दिवस छायाने ते पाहिलं. तेराव्या दिवशी ती साधनाच्या खोलीत गेली.

"मला समजलं होतं," ती म्हणाली.

"काय समजलं होतं?"

"सगळं जाईल, हे. वाचलं होतं मी."

साधनाने पेन खाली ठेवलं. "मग?"

"मग जावं असंच वाटलं."

साधना बाळाला उचलून बाहेर गेली. त्यानंतर सहा महिने दोघींमध्ये मीठ द्या, दार लावा, एवढंच बोलणं उरलं. साधनाने घरात कुणालाच काही सांगितलं नाही, हे छायाला सगळ्यात जास्त खुपलं. चांगुलपणातसुद्धा हिचाच हात वर.

क्लास दिवाळीनंतर सुरू झाला, पुढच्याच खोलीत. २००५ मध्ये जवळच्या शाळेला आठ जुने कॉम्प्युटर देणगीत मिळाले, पण आत विंडोजसुद्धा नव्हतं. मुख्याध्यापक साधनाला बोलवायला आले.

"मला क्लास सोडून जमणार नाही," साधना म्हणाली. "ताईंना विचारा. लिनक्स टाकता येतं त्यांना."

छायाने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. टोमणा आहे की खरंच म्हणतेय, ते कळेना. पण ती गेली. पाच दिवसांत सात कॉम्प्युटर झाले. आठव्याचा पडदा काळाच राहत होता. तिने शाळेच्या ऑफिसातून घरी फोन लावला. साधनाने दोन प्रश्न विचारले, पडद्याची कुठली सेटिंग बदलायची ते सांगितलं आणि म्हणाली, "झालं की सांगा. मी थांबते फोनवर."

शाळेने पुढे छायालाच मुलांना शिकवायला ठेवून घेतलं. वार्षिक संमेलनात मुख्याध्यापकांनी आभार मानले ते "साधना मॅडम आणि त्यांच्या जाऊबाई" यांचे. छायाने टाळ्या वाजवल्या. घरी येताना ती रिक्षात साधनाशेजारी बसली होती आणि मखमलाबाद येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. साधनाने तिला कारण विचारलं नाही. तिला ते माहीत होतं.